पिवळा पडलेला ओटा रंगवू नका

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या ओट्यांवर बंदी आली, जानेवारी २०२५ पासून आयातही थांबली. क्वार्ट्झ कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिसने फुप्फुसं निकामी झालेल्या तरुण कारागिरांच्या बातम्या आपल्याकडेही वाचल्या गेल्या. साहजिकच स्वयंपाकघराचं काम काढणाऱ्यांच्या बोलण्यात 'सॉलिड सरफेस', म्हणजे दुकानात सरसकट 'कोरियन' या ब्रँडच्या नावाने मागितला जाणारा ओटा, पुन्हा येऊ लागला आहे, कारण त्यात स्फटिकरूप सिलिका नसते. ज्यांच्या घरी तो आधीपासून आहे त्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. पांढराशुभ्र घेतला होता, आता शेगडीजवळ पिवळट दिसतो. किंवा सगळ्या घराचा रंग बदलला आणि ओटा तेवढा जुना राहिला. याचा रंग बदलून मिळेल का?

नाही मिळत.

कारण या वस्तूच्या घडणीतच आहे. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचे रसायनतज्ज्ञ डोनाल्ड स्लोकम यांनी ती घडवली, १९६८ मध्ये तिचं पेटंट झालं आणि १९७१ मध्ये ती लोकांसमोर आली. साधारण एक तृतीयांश अ‍ॅक्रिलिक आणि दोन तृतीयांश अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट, म्हणजे बॉक्साइटपासून मिळणारी पांढरी भुकटी, असं हे मिश्रण. रंगद्रव्य त्यातच कालवलेलं असतं. त्यामुळे बारा मिलिमीटर जाडीची शीट कुठेही कापली तरी आत तोच रंग निघतो. तिला छिद्रं नसतात, म्हणून आमटी सांडली तरी आत मुरत नाही. याच कारणाने बाहेरून लावलेला कुठलाही रंगही आत मुरत नाही.

तरीही 'ओट्याला नवा रंग' देणारे इपॉक्सीचे डबे बाजारात मिळतात. पद्धत अशी: आधी पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरबरीत करायचा, स्पिरिटने पुसायचा, प्रायमर द्यायचा, मग दोन घटक मिसळून तयार होणाऱ्या रंगाचे हात मारायचे आणि तो पक्का होईपर्यंत ओटा वापरायचा नाही. भाड्याचं घर सोडण्यापूर्वी किंवा फ्लॅट विकताना हे खपून जाईल. रोज दोन वेळा स्वयंपाक होणाऱ्या घरात मात्र हा पातळ थर सिंकच्या कडेला पाण्याने सुटतो, सुरीने चिरतो, गरम पातेल्याखाली मऊ पडतो. पोपडे निघू लागले की ते अन्नाच्या आसपासच पडतात.

त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. रंग नको झाला म्हणून कोणी पेंट रिमूव्हर ओतला, तर त्यातला मिथिलीन क्लोराइडसारखा द्रावक अ‍ॅक्रिलिकलाच विरघळवू लागतो. मग तो थर घासून काढण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणजे जे काम रंग देण्याआधी करायला हवं होतं तेच, दुप्पट खर्चाने.

मुळात ओटा खरोखर पिवळा पडला आहे का, हे आधी पाहायला हवं. मराठी स्वयंपाकघरात पहिला संशय हळदीवर घ्यावा. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या द्रव्याचा. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. फोडणीचे शिंतोडे उडतात तेव्हा ते तेलासोबत ओट्यावर पसरतं आणि सुरीच्या, तवा सरकवल्याच्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसतं. शीट अभेद्य असली तरी ओरखडे तसे नसतात. त्यावर साबणाचं पाणी पडलं की डाग लालसर होतो आणि घरातली मंडळी घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. क्षारात हळद लाल होते. पारंपरिक कुंकू तयार होतं ते याच गुणावर. दुसरा गुण आपल्या फायद्याचा आहे: कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला पांढरा कपडा उन्हात वाळवला की फिका होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. ओटा उन्हात नेता येत नाही. पण खिडकीलगतचा डाग आपोआप फिकट होतो आणि कोपऱ्यातला तसाच राहतो, याचं कारण हेच. कोपऱ्यातल्या डागासाठी आधी तेलकटपणा भांड्यांच्या साबणाने काढावा. तरीही राहिला, तर पाण्यात पातळ केलेलं ब्लीच थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवावं. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नये.

डाग नसूनही शीटच पिवळी झाली असेल, तर ती अस्सल अ‍ॅक्रिलिक नसण्याची शक्यता मोठी. स्वस्त शीटमध्ये पॉलिएस्टर राळ मिसळतात आणि ती उजेडात पिवळी पडते. नवा ओटा घेताना शीट शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यायलाच हवं.

गडद रंगांची तक्रार उलटी असते: काळा, कॉफी, गडद निळा ओटा पांढुरका दिसू लागतो. इथेही रंग उडालेला नसतो. हजारो बारीक ओरखड्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून पृष्ठभाग धुरकट वाटतो. ओलं फडकं फिरवलं की क्षणभर मूळ रंग दिसतो, हीच त्याची परीक्षा. जाणता फॅब्रिकेटर आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक अशा क्रमाने सँडर फिरवतो आणि पॉलिश करतो. रंगाचा थेंबही न लावता ओटा दोन छटा गडद दिसतो. पांढऱ्या ओट्यावर हेच घासकाम हळद आणि ओरखडे दोन्ही घेऊन जातं. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झच्या ओट्यावर हे इतक्या सहज होत नाही. या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि रंगाचा थर देऊन लोक नेमका तोच गाडून टाकतात.

मात्र हे काम घरात होतं आणि धूळ खूप उडते. सिलिका नाही म्हणजे धूळ निर्धोक आहे, असं नाही. २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने कोरियन घासण्याचं काम केलेल्या एका रुग्णाच्या फुप्फुसांच्या आजाराची नोंद छापली होती. ऑस्ट्रेलियातल्या कारागिरांबद्दल हळहळ वाटत असेल, तर आपल्या ओट्यावर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर चांगला मास्क आणि सँडरला धूळ ओढणारा व्हॅक्यूम आहे ना, हे पाहणं घरमालकाचं काम आहे.

गरम कढई थेट ठेवल्याने पडलेला पांढरा चट्टा किंवा तडा मात्र घासून नेहमीच जात नाही. तिथे तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागतो, आणि तो त्याच शीटमधला नसेल तर छटेतला फरक दिसतो, कारण प्रत्येक घाण्याचा रंग किंचित वेगळा उतरतो. म्हणून नवा ओटा बसवून घेणाऱ्यांनी सिंकसाठी कापून काढलेला तुकडा फॅब्रिकेटरला परत नेऊ देऊ नये. तो मागून घ्यावा आणि माळ्यावर जपून ठेवावा.