खेळ आणि करार (लेखांक 4) : लिलावात एजंट गप्प का असतो?

गेल्या आठवड्यात आयपीएलच्या लिलावाची रीत पाहिली. त्या दालनात ज्याला तोंड उघडायला जागाच नसते, त्या खेळाडूच्या एजंटबद्दल आज बोलू.

आपल्या कल्याणच्या तुषार देशपांडेचा प्रवास पाहा. 2020 च्या मोसमासाठी दिल्लीने त्याला 20 लाखांना घेतलं, 2022 मध्ये चेन्नईनेही 20 लाखांनाच. 2023 मध्ये चेन्नईने करंडक जिंकला, तेव्हा त्याच्या नावावर 21 बळी होते. पण दाम वाढला तो नोव्हेंबर 2024 च्या जेद्दातल्या लिलावात. राजस्थानने त्याच्यासाठी साडेसहा कोटी मोजले. मधल्या काळात दुसऱ्या संघाशी बोलून भाव वाढवून घ्यायची मुभा त्याला नव्हती, मग त्याच्या एजंटला कुठून असणार? रवींद्र जडेजाने असा प्रयत्न केला, तेव्हा 2010 च्या संपूर्ण मोसमाला त्याला मुकावं लागलं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही एके काळी असंच होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. 1966 मध्ये सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल या डॉजर्सच्या दोन गोलंदाजांनी एकत्र अडून बसायचं ठरवलं आणि बोलणी एजंटवर सोपवली. शेवटी एकाला सव्वा लाख आणि दुसऱ्याला 1 लाख 10 हजार डॉलर मिळाले. मात्र खरी बेडी तुटली डिसेंबर 1975 मध्ये, लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने. आता सहा वर्षांची सेवा झाली की करार संपताच खेळाडू कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा होतो. त्याआधी, साधारण तीन वर्षांनंतर, मानधनाचा वाद लवादापुढे नेता येतो. क्लब एक आकडा देतो, खेळाडू दुसरा, आणि लवादाला त्यातला एकच निवडावा लागतो. मधला आकडा काढून दोघांची समजूत घालता येत नाही. म्हणून एजंट त्याच तोडीच्या खेळाडूंची कामगिरी आणि मानधन यांचा कागदोपत्री पुरावा गोळा करतो. फार मोठा आकडा मागितला तर सगळंच हातचं जायचं.

मोकळेपणाची किंमत किती, हे हुआन सोटोने दाखवलं. 2022 मध्ये त्याने वॉशिंग्टनचा 15 वर्षांचा 44 कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला. डिसेंबर 2024 मध्ये एजंट स्कॉट बोरस यांनी न्यूयॉर्क मेट्सकडून त्याला तितक्याच वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर मिळवून दिले. एजंटचं बळ त्याच्या वक्तृत्वात नाही, खेळाडूच्या 'नाही' म्हणण्याच्या हक्कात आहे.

आपल्याकडे हा हक्क मैदानाबाहेरच चालतो. 1995 मध्ये वर्ल्डटेलच्या मार्क मास्करेन्हस यांनी सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा सुमारे 30 कोटींचा करार केला, तो जाहिराती आणि बॅटवरच्या स्टिकरसारख्या हक्कांच्या जोरावर. आजही भारतीय एजंटचं मुख्य काम तेच. संघाने कायम ठेवायच्या खेळाडूंच्या बोलण्यांत त्याला थोडा वाव मिळतो, पण लिलावातला आकडा संघमालकांची चढाओढच ठरवते.

म्हणूनच ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या पालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं. मुलाची वयोगटाच्या संघात निवड झाली आणि कुणी एजन्सीचा कागद पुढे केला, तर हुरळून जाऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार आपल्या कायद्याने मुळातच रद्दबातल असतो, म्हणून सही तुमची मागितली जाते. मुदत किती, मधेच बाहेर पडायची वाट कोणती, आणि टक्केवारी नेमकी कशावर, हे आधी विचारा. जाहिरात मिळवून देणाऱ्याने त्यातला वाटा जरूर घ्यावा. पण ज्या बोलीत त्याने शब्दही उच्चारला नाही, त्या लिलावाच्या रकमेवर आणि सामन्याच्या मानधनावर टक्के मागण्याचा नैतिक अधिकार त्याला नाही. असं कलम दिसलं तर ते खोडायला लावा, आणि खोडत नसतील तर सही करू नका. मुलाकडे असलेला नकाराचा हक्क निदान इथे तरी शाबूत आहे.

पुढच्या आठवड्यात : जाहिरात करारातली कलमं कशी वाचावीत?