संध्याकाळचा खाऊ हलका करायचा तर आधी तेल मोजा

महादेवपुरा (बंगळुरू) : दुपारचे डब्यातील जेवण आणि रात्री उशिरा होणारे जेवण यांत सहा-सात तासांचे अंतर पडले की संध्याकाळची भूक कुटुंबाच्या आहारातील सर्वांत बेहिशेबी भाग ठरते. या भुकेवर वडापाव, समोसा, बिस्किटे किंवा मोबाइलवरून मागवलेले खाद्यपदार्थ हा सोपा उपाय असतो. 'आरोग्यदायी' असा शिक्का असलेले पाकीट हा दुसरा. घरी केलेला खाऊ या दोन्हींपेक्षा हलका ठरू शकतो. मात्र तो घरी केला एवढ्यानेच हलका होत नाही. पदार्थ कोणता निवडला यापेक्षा त्यात तेल किती पडले आणि बशीत वाढले किती, यांवर उष्मांकांचा बराचसा हिशेब अवलंबून असतो.

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा, व्हाइटफील्ड, हुडी, मराठहळ्ळी हा पट्टा माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा आहे. पूर्वी स्वतंत्र नगरपालिका असलेले महादेवपुरा 2007 मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत समाविष्ट झाले. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे येथील गृहसंकुलांत राहतात. दिवसभराचे बैठे काम, प्रवासात जाणारा वेळ आणि दारात पोहोचणारे तयार पदार्थ ही त्यांच्या दिनक्रमाची वैशिष्ट्ये आहेत. पुण्यातील हिंजवडी किंवा नवी मुंबईतील ऐरोली येथील नोकरदार कुटुंबांची परिस्थितीही याहून वेगळी नाही.

प्रश्न केवळ वजनाच्या काट्याचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि जून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असून 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीत 39.5 टक्के प्रौढांच्या पोटाभोवती अतिरिक्त मेद आढळला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही फेब्रुवारी 2025 मधील 'मन की बात' कार्यक्रमात खाद्यतेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते.

कांदेपोह्यांच्या बशीचा हिशेब

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांपासून सुमारे 4 उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, मिळतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून 9 मिळतात. तेल शेंगदाण्याचे असो, सूर्यफुलाचे असो किंवा ऑलिव्हचे, हा आकडा बदलत नाही. तुपाचेही जवळपास तसेच. 15 मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 125 उष्मांक. 5 मिलिलिटरचा लहान चमचा म्हणजे सुमारे 40.

चार जणांसाठी केलेल्या कांदेपोह्यांचे उदाहरण घेता येईल. 160 ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण 560 उष्मांक असतात. फोडणीसाठी चार मोठे चमचे तेल घेतले तर 500 उष्मांकांची भर पडते. 60 ग्रॅम शेंगदाण्यांचे 320 उष्मांक होतात. म्हणजे फोडणी आणि दाणे मिळून 820 उष्मांक होतात आणि मूळ पोहे मागे पडतात. कांदा, खोबरे आणि वरून घातलेली शेव वगळूनही प्रत्येकाच्या बशीत सुमारे 345 उष्मांक येतात.

आता त्याच पोह्यांत तेल चार लहान चमचे घेतले, दाणे निम्मे केले, पोहे 120 ग्रॅमवर आणले आणि 150 ग्रॅम मटार घातले, तर एकूण बेरीज सुमारे 860, म्हणजे माणशी 215 उष्मांक होते. चव फोडणीतील मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची आणि वरून पिळलेल्या लिंबाची असते, ती टिकते. मटारामुळे बशी भरलेली राहते आणि तंतुमय पदार्थांची भर पडते. मात्र पातेल्यात तेल कमी असल्याने कांदा मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवावा लागतो. तळाला लागू लागल्यास तेलाऐवजी पाण्याचा हबका मारणे पुरेसे असते. उपमा, शेवयांचा उपमा आणि फोडणीची पोळी यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत 2,000 उष्मांकांच्या दैनंदिन आहारासाठी तेल-तुपाचे प्रमाण 27 ग्रॅम सुचवले आहे. चार प्रौढांच्या घरात हे प्रमाण महिन्याला सुमारे साडेतीन लिटर होते आणि त्यात पोळीवरचे तूप व पावावरचे लोणीही धरावे लागते. महिन्याच्या किराणा यादीतील तेलाच्या पिशव्या मोजल्या, तरी घरातील वापर किती आहे याचा अंदाज येतो. रोजच्या वापरासाठी बरणीतून थेट तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हलके दिसते ते हलके असतेच असे नाही

चुरमुरे आणि मखाणे यांची ख्याती कमी उष्मांकांची आहे. प्रत्यक्षात 100 ग्रॅम चुरमुरे, मखाणे किंवा पोहे यांत फारसा फरक नाही; तिन्हींत साधारण 350 उष्मांक असतात. फरक आकारमानाचा आहे. फुललेल्या चुरमुऱ्यांची मोठी वाटी जेमतेम 20 ग्रॅम भरते आणि तिच्यातून सुमारे 70 उष्मांक मिळतात. हा फायदा कोरड्या चुरमुऱ्यांपुरताच आहे. भडंग करताना चुरमुरे तेल शोषून घेतात. तुपात परतलेल्या मखाण्यांचेही तसेच होते. शिवाय नुसत्या चुरमुऱ्यांत प्रथिने कमी असल्याने अर्ध्या तासात पुन्हा भूक लागते. ओल्या भेळेत शेव आणि पुरी कमी करून मोड आलेले मूग, काकडी, टोमॅटो आणि कांदा वाढवला, तर पोट अधिक वेळ भरलेले राहते. 30 ग्रॅम कोरडे मूग मोड आणून वाफवल्यास सुमारे 100 उष्मांकांत साधारण 7 ग्रॅम प्रथिने मिळतात.

गुळाबाबतही असाच समज आहे. 10 ग्रॅम साखरेतून सुमारे 40 उष्मांक मिळतात, तितक्याच गुळातून जवळपास तेवढेच. खजुराच्या लाडवात वरून साखर घातली नाही, तरी खजुराची स्वतःची साखर असतेच. असे लाडू पौष्टिक असू शकतात. कमी उष्मांकांचे मात्र नसतात. लिंबाएवढा एक लाडू आणि वाटीभर लाडू यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

नाचणीलाही हा नियम लागू आहे. नाचणी म्हणजेच कर्नाटकातील रागी. तिच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 320 उष्मांक असतात, म्हणजे तांदळापेक्षा किंचितच कमी. तिचे खरे बलस्थान 350 मिलिग्रॅमच्या आसपास असलेले कॅल्शियम आणि तंतुमय पदार्थ यांत आहे. 30 ग्रॅम पिठाची ताकातील आंबील सुमारे 130 उष्मांकांत होते. त्याच पिठाची तळलेली चकली वेगळ्याच हिशेबात जाते.

दोन भाषांचा एकच खाऊ

महादेवपुऱ्यातील मराठी स्वयंपाकघराला हलक्या खाऊसाठी दूर शोधावे लागत नाही. मराठवाडा आणि सोलापूर भागात ज्याला सुशीला म्हणतात, तोच चुरमुऱ्यांचा पदार्थ उत्तर कर्नाटकात सुसला या नावाने केला जातो. चुरमुरे क्षणभर भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीच्या बेताच्या फोडणीत परतायचे आणि डाळ्याचे कूट घालायचे. कुटामुळे प्रथिनांची भर पडते, दाणे कमी लागतात आणि पदार्थ दहा मिनिटांत तयार होतो.

रामनवमीला कर्नाटकात पानकासोबत कोसंबरी वाटली जाते. भिजवलेली मूगडाळ, किसलेली काकडी किंवा गाजर, लिंबू आणि चमचाभर ओले खोबरे एवढेच तिचे साहित्य असते. महाराष्ट्रात चैत्रातील हळदीकुंकवाला पन्ह्यासोबत दिली जाणारी आंबेडाळ ही तिची जवळची नातेवाईक. तेथे हरभऱ्याची डाळ भरड वाटतात आणि कैरी घालतात. दोन्ही पदार्थांत डाळ न शिजवता वापरली जात असल्याने ती स्वच्छ पाण्यात भिजवावी आणि पदार्थ लगेच संपवावा. बंगळुरूत थंडीत मिळणाऱ्या ताज्या अवरेकाळूच्या, म्हणजे वालवर्गीय शेंगेच्या दाण्यांची उसळ हाही संध्याकाळच्या खाण्याचा चांगला पर्याय आहे. हे दाणे नीट शिजवणे मात्र आवश्यक असते.

तळणीची पायरी गाळताना

अनेक मराठी पदार्थांत तळणे ही अखेरची पायरी असते. त्याआधी पदार्थ शिजलेला असतो. कोथिंबीर वडीचा उंडा आणि अळूवडीची गुंडाळी आधी वाफवतात. त्यांच्या वड्या कापून तव्यावर लहान चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या, तर वडीची चव राहते आणि कढईभर तेल वाचते. बटाटेवड्याचे सारण बेसनात बुडवून आप्पेपात्रात करता येते. प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. आप्पे कर्नाटकात पड्डू या नावाने परिचित असल्याने हे पात्र येथील कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. थालिपीठ, धिरडे आणि घावन यांसाठी जुना, तेलाने मुरलेला लोखंडी तवा कमी तेलात काम भागवतो.

गरम हवेवर चालणाऱ्या एअर फ्रायरमुळे तेल कमी लागते, हे खरे. परंतु बटाटा, साबुदाणा किंवा मैदा यांचे मूळ उष्मांक त्यामुळे कमी होत नाहीत. पिष्टमय पदार्थ त्यात गडद तपकिरी होईपर्यंत ठेवू नयेत, सोनेरी रंगावर थांबावे. सणावारी तळण केलेच, तर उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे. वारंवार तापलेल्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जुलै 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात ही तपासणी शक्य नसते. तेल काळवंडले, दाट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरकटू लागले की ते टाकून द्यावे.

मुलांना 'डाएट' नको

कुटुंबासाठी एकच खाऊ केला, तरी सर्वांची गरज सारखी नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण 2.1 वरून 3.4 टक्क्यांवर गेल्याचे दिसले. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील 67.1 टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचेही आढळले. एकाच घरात वडिलांचे पोट सुटलेले आणि मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, असे चित्र त्यामुळे अशक्य नाही. वाढत्या मुलांचे उष्मांक तोडणे हा उद्देश असू नये. त्यांच्या खाण्यातील साखर, मीठ आणि तळण कमी करून त्या जागी दूध, अंडे, कडधान्य, फळ आणि नाचणी आणणे हा असावा. कर्नाटकातील शासकीय शाळांत 2024 पासून दुधासोबत नाचणीचे मिश्रण देण्यात येत आहे, त्यामागेही पोषणाचाच विचार आहे.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की पातेले एक असले तरी बशी वेगळी वाढावी. मुलांच्या सुशीलावर दाण्याचे कूट किंवा सोबत वाटीभर दही द्यावे. प्रौढांनी काकडी आणि पातळ ताक घ्यावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा हरभरे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. कूट करून द्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी संध्याकाळचे खाणे स्वतःहून बंद करू नये. त्यामुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. असा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

पाकिटाची मागची बाजू

विकतचे घेण्याची वेळ येतेच. अशा वेळी पुढच्या बाजूवरील 'मल्टिग्रेन', 'बेक्ड' किंवा 'पाचक' या शब्दांपेक्षा मागचा तक्ता उपयोगी पडतो. त्यात 100 ग्रॅममागील उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि सोडियम पाहावे. बहुतेक बिस्किटांत 100 ग्रॅममागे 450 ते 500 उष्मांक असतात. धान्याचे नाव बदलल्याने हा आकडा फारसा उतरत नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री संस्थांना काही पेये 'आरोग्यदायी पेये' या गटातून वगळण्याची सूचना केली होती. मे 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. चहाचा हिशेबही याच फलकाच्या नजरेने करता येतो. दोन लहान चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला 160 उष्मांक, तेही पोट न भरता.

नोकरदार घरात अडचण पाककृतीची कमी आणि वेळेची अधिक असते. रविवारी मूग, मटकी किंवा हरभरे भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवले, पातळ पोहे मंद आचेवर कोरडे भाजून डब्यात भरले, डाळ्याचे कूट करून ठेवले आणि इडलीचे पीठ तयार असले, तर पुढील तीन-चार दिवस संध्याकाळचा खाऊ पंधरा मिनिटांत होतो. मोड आलेली कडधान्ये याहून अधिक दिवस ठेवू नयेत. वास किंवा चिकटपणा आल्यास टाकून द्यावीत. खाऊ मोठ्या परातीत मध्यभागी न ठेवता लहान बश्यांत वाढून द्यावा. घरातून बाहेर पडण्यापूर्वीच संध्याकाळचे काय, हे ठरलेले असेल तर परतीच्या वाहतूक कोंडीत मोबाइलवर खाद्यपदार्थ मागवण्याची गरज उरत नाही.