मधुमेह आणि बाधिर्य : एक दुर्लक्षित संबंध

मधुमेही रुग्ण चिकित्सालयात आला की आपण त्याचे नेत्र, वृक्क, हृदय व पाय यांची चौकशी करतो. तळपायाचा दाह आणि सुप्तता यांविषयी आवर्जून विचारतो. कानाविषयी मात्र सहसा एकही प्रश्न विचारला जात नाही. रुग्णही आपण होऊन सांगत नाही, कारण वय झाले म्हणजे कमी ऐकू येणारच, अशी त्याची समजूत असते. ही समजूत पुरती खरी नाही, हे वैद्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या १९९९ ते २००४ या काळातील माहितीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० ते ६९ वर्षे वयोगटातील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची श्रवणचाचणी विचारात घेतली होती. नीच व मध्यम स्वरांचे श्रवणदौर्बल्य मधुमेहींत सुमारे २१ टक्के, तर इतरांत ९ टक्के आढळले. उच्च स्वरांच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे ५४ व ३२ टक्के होते. २०१३ साली जपानी संशोधकांनी १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हाही मधुमेहींत ही शक्यता सुमारे दुप्पट दिसली. विशेष म्हणजे साठीच्या आतील रुग्णांत हा संबंध अधिक ठळक होता. सारा दोष वार्धक्याच्या माथी मारता येत नाही, तो यामुळेच.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग वर्णिले आहेत. बाधिर्य हा त्यांपैकी एक. शब्दवह सिरांमध्ये कफानुबद्ध वायू स्थिरावतो आणि रुग्ण वेळीच उपचार करत नाही, तेव्हा बाधिर्य उत्पन्न होते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. प्रमेहाच्या उपद्रवांच्या यादीत मात्र बृहत्त्रयीतील चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत बाधिर्याचा निर्देश नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये ‘श्रवणोपदेह’, म्हणजे कानाच्या ठिकाणी मललिप्तता, सांगितली आहे. प्रमेहात कानाकडे पाहण्याची दिशा त्यातून मिळते.

संप्राप्तीचा विचार करता, आरंभी मेद व कफ यांमुळे होणारा स्रोतोरोध आणि पुढे धातुक्षयजन्य वातप्रकोप, अशा दोन अवस्था मानता येतील. आधुनिक शारीरविज्ञानाने दाखविलेली विकृतीही यासंदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. अंतर्कर्णातील कर्णावर्ताला रक्त पुरविणारी धमनी अंत्यधमनी असते. तिला अवरोध झाल्यास दुसरा पर्यायी मार्ग नसतो. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्ती जाड होतात, रोमपेशींचे पोषण घटते आणि श्रवणनाडीचे तंतूही क्षीण होतात. नष्ट झालेल्या रोमपेशी मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणूनच येथे चिकित्सेपेक्षा रक्षणाचे महत्त्व अधिक.

लक्षणे व परीक्षण

हा विकार बहुधा दोन्ही कानांत, हळूहळू व वेदनारहित असतो. प्रथम उच्च स्वर जातात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी तक्रार सुरू होते. इन्सुलिनचे ‘सात’ युनिट सांगितले असता रुग्णाने ‘आठ’ ऐकणे अशक्य नाही. मात्रा व पथ्य नेहमी लिहून द्यावे, यामागे हेही एक कारण आहे.

प्रत्येक मधुमेहीला चार प्रश्न विचारावेत : समारंभात वा गोंगाटात बोलणे समजते काय? दूरदर्शनचा आवाज घरच्यांना मोठा वाटतो काय? कर्णनाद होतो काय? तोल जातो काय? शक्यतो घरातील व्यक्तीलाही विचारावे. त्यानंतर ऑटोस्कोपने कर्णमल व कानाचा पडदा पाहावा. केवळ मल साठल्याने बहिरेपणा आलेला असेल, तर तो सहज दूर होतो. पायाच्या कंपनसंवेदनेसाठी १२८ हर्ट्झचा नादकाटा अनेक वैद्यांकडे असतो. त्याच्या जोडीला ५१२ हर्ट्झचा ठेवल्यास रिने व वेबर या परीक्षा दोन मिनिटांत होतात. निदान होताच एकदा व पुढे प्रतिवर्षी ऑडिओमेट्री करून घेणे इष्ट. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात, तसेच मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे.

चिकित्सेतील सावधानता

प्रमेहचिकित्सा हाच पाया होय. वाग्भटाचार्यांनी प्रमेहात अग्र्य मानलेली आमलकी व हरिद्रा, तसेच व्यायाम व लंघन यांची योजना प्रकृती व बल पाहून करावी. चालू असलेले इन्सुलिन वा अन्य औषध परस्पर बंद करू नये. कर्णनादासाठी अवलेह व आसवारिष्टे योजताना त्यांतील गूळ-साखर ध्यानात ठेवावी. बिल्वतैलाचे कर्णपूरण बाधिर्यात शास्त्रोक्त आहे. तथापि मधुमेहीत पडदा अखंड असल्याची खात्री केल्यावाचून व स्राव असताना ते करू नये.

दोन अवस्थांमध्ये क्षणाचाही विलंब घातक ठरतो. पहिली, वृद्ध मधुमेहीच्या कानात रात्री जागवणारी तीव्र वेदना व स्राव. हा बाह्यकर्णाचा मारक जंतुसंसर्ग असू शकतो. तो कवटीच्या अस्थीपर्यंत पसरून मुखार्दित व मृत्यूही घडवितो. दुसरी, तीन दिवसांच्या आत अकस्मात आलेला बहिरेपणा. त्यावर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक होतो. ते पोटात दिल्यास रक्तशर्करा वाढते, म्हणून मधुमेहीत पडद्यातून मध्यकर्णात देण्याचा मार्गही तज्ज्ञ निवडतात. अशा रुग्णास ‘आठ दिवस तेल घालून पाहू’ असे सांगणे म्हणजे त्याचे श्रवण गमावण्यास हातभार लावणे होय. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे कानास बाधक असतात; वृक्कदौर्बल्य असल्यास विशेषच. म्हणून औषधांचा पूर्वेतिहासही घ्यावा.

स्थिर झालेल्या बाधिर्यात श्रवणयंत्राचा सल्ला देण्यास संकोच करू नये. बालकांचे, वृद्धांचे व चिरकालीन बाधिर्य उत्तरकालीन ग्रंथकारांनी वर्ज्य म्हटले आहे. असाध्य ते असाध्य म्हणून सांगणे हाही वैद्यधर्मच.

उपसंहार

ऐकू न येणारा रुग्ण हळूहळू संभाषणातून, मग समाजातून बाजूला पडतो आणि अखेर वैद्याचा उपदेशही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सुश्रुताचार्यांनी बाधिर्याच्या कारणांत उपचारातील उपेक्षाही गणली आहे. ती उपेक्षा केवळ रुग्णाकडून नव्हे, आपल्याकडूनही होत असते. पुढील मधुमेही रुग्णाची नाडी पाहताना कानाविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा, एवढीच वैद्यबंधूंना व भगिनींना विनंती.