तीन सेकंदांची शांतता

दर तीन सेकंदांनी एक आकडा. वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक कान देऊन ऐकतो आणि १ ते १० पैकी एक आकडा तक्त्यात मांडत जातो. मिनिटाला २० नोंदी, ३५ मिनिटांच्या तासिकेत ७००. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नेड फ्लँडर्स यांची १९६०च्या दशकातली ही आंतरक्रिया विश्लेषण पद्धती महाराष्ट्रात बी.एड. करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. पहिले सात आकडे शिक्षकाच्या बोलण्यासाठी, आठवा आणि नववा विद्यार्थ्याच्या बोलण्यासाठी, दहावा शांततेसाठी किंवा गोंधळासाठी. वर्गाचा दोनतृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्या बोलण्यातला दोनतृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो, असं फ्लँडर्स यांना आढळलं.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे शाळांना कुलूप लागलं, वर्ग ऑनलाइन गेले आणि तो मागचा बाकच गेला. त्याच्या जागी रेकॉर्डिंगची सोय आली. कोण किती मिनिटं हजर होतं, कोणी हात वर केला, कोण कधी बाहेर पडलं, हे सगळं आता आपोआप साठतं. साठतं म्हणून तेच अहवालात जातं. मुलाने काही म्हटल्यावर शिक्षकांनी त्या म्हणण्याचं काय केलं, ही खरी नोंद मात्र अजूनही क्वचितच घेतली जाते.

त्यात हा सारा तपशील थेट ऑनलाइन वर्गाचा. असा वर्ग मुळात किती मुलांना मिळाला? सप्टेंबर २०२०मध्ये ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या वार्षिक अहवालासाठी ग्रामीण भारतात फोनवरून पाहणी झाली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. फोन वाढले, तरी पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुलं साधारण एकतृतीयांशच होती. थेट वर्गाची सोय तर जेमतेम दहातल्या एकाला. बाकीच्यांचं शिक्षकांशी जे काही बोलणं झालं ते मुख्यतः व्हॉट्सॲपवर: वहीच्या पानाचा फोटो, उलट आलेला अंगठा, कधी एखादा आवाजी निरोप. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास याच वाटेने घरोघर गेला. ऑनलाइन शिक्षणातल्या संवादाचा अभ्यास करायचा तर हा अंगठाही अभ्यासाचा विषय मानायला हवा.

आता फ्लँडर्स यांचा दहावा आकडा. समोरासमोरच्या वर्गात शांतता ओळखता येते. कोण विचारात आहे, कोण घाबरलंय, कोणाचं लक्ष खिडकीबाहेर आहे, हे चेहऱ्यावर दिसतं. पडद्यावर या सगळ्या शांतता एकसारख्याच काळ्या चौकोनांत बसतात. त्यातल्या एका चौकोनामागे नेट गेलेलं असतं, दुसऱ्यामागे एका खोलीतलं अख्खं घर. तिसरीकडे फोन वडिलांचा असतो आणि वडिलांना कामावरून फोन आलेला असतो. एखादी मुलगी चॅटमध्ये उत्तर टाइप करत असते आणि ते पूर्ण होण्याआधीच सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात.

‘कॅमेरा चालू करा’ हा त्या दिवसांतला सगळ्यात जास्त ऐकू आलेला आदेश असावा. तो का पाळला जात नाही, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मार्क सार्व्हरी आणि फ्रँक कॅस्टेली यांनी विद्यार्थ्यांनाच विचारलं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सर्वाधिक विद्यार्थ्यांनी सांगितलेलं कारण होतं, आपण कसे दिसतोय याची काळजी. मागे दिसणारी खोली, घरातली माणसं आणि कमकुवत इंटरनेट हीही कारणं होती. त्यामुळे बंद कॅमेऱ्याला बेफिकिरी समजणं हा त्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

शांततेचं मोल विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हा थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मागे राहणारी मुलंही बोलू लागली. पडद्यावर प्रश्न पोचायला वेळ लागतो, म्यूट काढायला वेळ लागतो. तिथे तीन सेकंदही थोडेच आहेत.

थांबल्यावर उत्तर येतं. पुढे काय? समजा, बाईंनी विचारलं, पावसाळ्यात कपडे उशिरा का वाळतात? एक मुलगी म्हणाली, हवेत आधीच पाणी असतं म्हणून. ‘बरोबर, शाब्बास’ म्हणून बाई पुढे गेल्या, तर प्रश्न, उत्तर, शेरा हे चक्र पूर्ण झालं; भाषाभ्यासक सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५मध्ये ते नोंदवून ठेवलं आहे. पण बाई म्हणाल्या, ‘हवेत आधीच पाणी असतं म्हणतेस, मग रत्नागिरीत आणि सोलापुरात कपडे सारख्याच वेळात वाळतील का?’ तर मुलीचं वाक्य वर्गाच्या मालकीचं झालं. फ्लँडर्स यांच्या तक्त्यात हा तिसरा आकडा आहे: विद्यार्थ्याची कल्पना स्वीकारणं किंवा वापरणं.

हाच तिसरा आकडा आता संगणक मोजू लागला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डोरा डेम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन वर्गाचं ध्वनिमुद्रण शब्दांत उतरवून, विद्यार्थ्याचं बोलणं शिक्षक कुठे पुढे नेतात, हे हुडकणारं साधन तयार केलं. एकास एक शिकवणीतल्या प्रयोगात असा अभिप्राय मिळालेल्या मार्गदर्शकांचं विद्यार्थ्यांचं म्हणणं पुढे नेण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं, त्यांचं स्वतःचं बोलणं ५ टक्क्यांनी घटलं. आकडे लहान वाटतील. पण हा अभिप्राय शिक्षकाच्या सुधारणेसाठी होता, त्याची प्रतवारी लावण्यासाठी नव्हता, आणि या साधनाचं मर्म तिथेच आहे. हीच आकडेवारी संस्थाचालकांच्या टेबलावर गुणपत्रिका म्हणून गेली, तर शिक्षक यंत्राला आवडेल तेच बोलू लागतील.

मराठी वर्गापुरती दुसरीही अडचण आहे. या प्रयोगांतली साधनं इंग्रजी संवादावर घडली. अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलणाऱ्या पोराचं वाक्य, मागे कुकरची शिट्टी चालू असताना, यंत्राने अचूक उतरवावं यासाठी मराठीतल्या मुलांचं बोलणं जमवून त्यावर काम करावं लागेल. तेही पालकांच्या संमतीने आणि मुलांची ओळख झाकून.

यंत्राच्या मोजणीशिवायही मुलाचं म्हणणं पुढे नेणं साधतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. तेव्हा न्यूकॅसल विद्यापीठात असलेले सुगाता मित्रा यांच्या ‘ग्रॅनी क्लाउड’मधून २००९पासून परदेशातले स्वयंसेवक, त्यांत अनेक निवृत्त शिक्षक, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागले. मित्रा यांच्याच ‘स्कूल इन द क्लाउड’ या प्रकल्पाचं एक केंद्र फलटणला होतं. शिकवण्यापेक्षा कुतूहलाने विचारणं हे या आज्यांचं काम: हे तू कसं केलंस, मला दाखव, मग पुढे काय झालं? अंतर हजारो मैलांचं, भाषा परकी, आवाज तुटका. तरीही मूल बोलतं, कारण समोरच्याला खरोखर ऐकायचं असतं.

शिक्षकांनी आपली एकच तासिका, ऑनलाइन असो की वर्गातली, ध्वनिमुद्रित करावी आणि घरी शांतपणे ऐकावी. ७०० नोंदींची गरज नाही. प्रश्नानंतर आपण किती थांबलो आणि मुलाचं वाक्य किती वेळा पुढे नेलं, एवढंच कागदावर मांडावं, आणि महिन्याने पुन्हा एक तासिका ऐकावी.