नोंद दिली म्हणजे माहिती विकली?

यवतमाळमध्ये आरोग्याच्या नोंदींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “अनेक देशांचा अभ्यास म्हणजे आपली माहिती अमेरिकेला विकायची.” ऐकून ऐकून वीट आला.

शेजारी नागपूरला बघा. तिथं आणि बेळगावात ‘ग्लोबल नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाची माता-नवजात नोंदवही कित्येक वर्षं चालली. पाकिस्तान, केनिया, झांबिया, ग्वाटेमालातही तीच. निवडलेल्या भागातल्या गर्भवतींची नोंद, बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत पाठपुरावा, प्रश्न सगळीकडे सारखे. आकडे अमेरिकेतल्या केंद्राकडे जात हे खरं, पण नाव-पत्ता काढून. शिवाय परदेशी निधीच्या संशोधनाला इथल्या नैतिकता समितीची आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून वाचा. यात विक्री कुठे आली?

अशा अभ्यासांच्या दुसऱ्या पद्धतीत तर नोंदी जागच्या हलतच नाहीत. अभ्यासाचा आराखडा आणि संगणकाचा प्रोग्राम देशोदेशी पाठवतात, मोजणी तिथल्या तिथे होते, बाहेर येतात ते फक्त एकत्रित आकडे. ‘बीएमजे’ने 2021 मध्ये छापलेला अभ्यास असाच झाला: कोविड लशीआधी ठरावीक आजारांचं प्रमाण किती होतं? 8 देश, 13 डेटाबेस, 12 कोटींहून जास्त माणसं.

“आराखडा एक, म्हणजे आकडे थेट तुलनेला तयार.” अजिबात नाही. त्याच अभ्यासात 65 ते 74 वयाच्या स्त्रियांमध्ये खोल शिरेत गुठळी होण्याचं वार्षिक प्रमाण ब्रिटनच्या एका डेटाबेसमध्ये लाखामागे 387, अमेरिकेच्या एकात 1443. नोंदीत कोण येतं आणि ती कशी लिहिली जाते, यावर बरंच ठरतं. 2017 मध्ये कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधा बघितलेल्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. आयसीडी-10 या आजारांच्या सांकेतिक वर्गीकरणात कीटकनाशकाच्या अपघाती विषबाधेला एक्स48, स्वतःहून घेतलेल्या विषाला एक्स68. केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ लिहिलं, तर कपाशीत फवारताना कोसळलेला मजूर आणि घरात विष प्यालेला शेतकरी कोणता आराखडा वेगळे काढणार?

“आराखडा आकडे बघून ठरवता येतो.” तसं केलं तर हवं ते उत्तर काढता येईल, म्हणूनच तो आधी लिहून ठेवतात.

“आपल्याला काय मिळतं?” नागपूर-बेळगावसह 6 देशांत पहिलटकरणींवर झालेली अ‍ॅस्पिरिनची चाचणी 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. कमी मात्रेची गोळी घेणाऱ्यांत अकाली प्रसूती 11.6 टक्के, न घेणाऱ्यांत 13.1.