पट्टा बांधण्याआधीची पाच मिनिटं

बीपीच्या मशीनचं बटण दाबणं हा मोजणीतला सगळ्यात सोपा भाग आहे. आईचं बीपी मी घरी मोजतो तेव्हा खरा वेळ त्याआधीच जातो. सकाळी उठून, लघवीला जाऊन आली की ती थेट टेबलाजवळच्या पाठीच्या खुर्चीत बसते. चहा नंतर, गोळीही नंतर. चहा-कॉफी, तंबाखू-मिशरी, फिरून येणं, यांतलं काहीही झालं असेल तर मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. तुंबलेल्या लघवीनंही आकडा चढतो.

मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल लांब, पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर. पलंगाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बीपी बघायची पद्धत आपल्याकडे घरोघरी दिसते. तिथे पाठीला आधार नसतो, पायांनाही नसतो, आणि शरीर सावरून धरण्यासाठी स्नायूंना राबावं लागतं. पायावर पाय टाकला तरी वरचं बीपी वाढतं.

दंड उघडा हवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर ती दंडाला करकचून बसते आणि मशीनच्या पट्ट्याआधीच तिथे एक पट्टा आवळला जातो. म्हणून आई सैल बाहीच्या गाऊनवरच मोजायला बसते. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूनं खाली आलेली, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत सैल.

पट्ट्याच्या मापाकडे मात्र बहुतेक घरांत कुणी बघत नाही, आणि हे मला फार गंभीर वाटतं. इटलीत शिपिओने रिवा-रोची यांनी 1896 साली दंडाला गुंडाळायच्या फुगणाऱ्या पट्ट्यानं रक्तदाब मोजला. तो पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा दाब वाढवून दाखवतो हे 1901 मध्येच जर्मनीच्या हाइनरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं. तरीही आज मशीनसोबत आलेला पट्टा सगळ्या घराला चालवला जातो. शिंप्याच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवावा. नेहमीचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरसाठी असतो. जाड दंडाला तोच बांधला तर ज्याला गोळीची गरज नाही त्यालाही ती सुरू व्हायची.

हाताची उंचीही तितकीच महत्त्वाची. पट्टा हृदयाच्या पातळीवर हवा. दहा सेंटिमीटर खाली गेला की आकडा सात-आठ मिलिमीटरनं वाढतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन त्यात मिसळतं. 2024 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचं बीपी सरासरी सुमारे चारनं आणि हात बाजूला लोंबता सोडल्यावर साडेसहानं जास्त भरलं. आमचं टेबल थोडं बुटकं आहे, त्यामुळे आईच्या हाताखाली घडी घातलेली चादर असते.

पट्टा फुगू लागला की बोलायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की आई विचारतेच, “किती झाल्या रे?” मी ओठांवर बोट ठेवतो आणि ते मापन सोडून देतो. 1905 साली रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी धमनीतले आवाज ऐकून मोजायची रीत दिली. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ते त्यासाठी. घरचं मशीन आवाज ऐकत नाही. रक्ताच्या ठोक्यानं पट्ट्यातल्या हवेत उठणारी बारीक थरथर ते टिपतं आणि तिच्यावरून वरचा-खालचा आकडा हिशेबानं काढतं. हात हलला की तीही थरथर त्यात मिसळते. नाडी अनियमित असेल तर हिशेब डळमळतो. अशांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत जसेच्या तसे लिहायचे. 143 चे 140 करायचे नाहीत. मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबत राहणारे आणि तेवढाच लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. त्या वहीवरून डॉक्टरांनी औषध कसं ठरवायचं? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून, पहिला दिवस वगळून सरासरी काढतात. घरच्या सरासरीची मर्यादा 135/85, दवाखान्यातल्या 140/90 पेक्षा थोडी खाली. आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं असेल तर वही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठायचं.

दवाखान्यात आईचं वरचं बीपी दीडशेच्या पुढे जातं. घरची सरासरी मात्र मर्यादेच्या आत आहे. डॉक्टरांनी वहीची पानं सावकाश वाचली, गोळी आहे तीच ठेवली, आणि पुढच्या वेळी आमचं मशीन त्यांच्या यंत्राशी ताडून बघायला सोबत आणायला सांगितलं.