लकव्याच्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो?



आपल्या नेवासा तालुक्यात लकव्याला अजूनही 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका काकांचं तोंड सकाळी सातला वाकडं झालं, उजवा हात पडला. घरच्यांनी दुपारपर्यंत मालिश केली, कोणी अंगारा आणला. नगरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत संपली होती. मोठ्या नसेतली गुठळी तारेने काढायला काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत वाव असतो, पण ती सोय मोजक्याच शहरांत आहे.

तिसऱ्या दिवशी काकांच्या मुलाने रिपोर्ट पुढे केला. "ताई, हे ठळक अक्षरात काय आहे?" न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के. सीआरपीही वाढलेला.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन्ही पांढऱ्या पेशी. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ८.२ येतं. निरोगी माणसात हे साधारण १ ते ३ असतं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी मरतात आणि शरीर तिथे न्यूट्रोफिलची फौज पाठवतं. ही फौज साफसफाई करते, पण तिच्यातून सुटणारी रसायनं रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत करतात. मग मेंदूला सूज येते, कधी रक्तस्राव होतो. म्हणून गुठळी निघाली तरी काही पेशंट सावरत नाहीत. उलट शरीरावरच्या ताणाने लिम्फोसाइट घटतात आणि जंतुसंसर्गाला दार उघडतं. इंजेक्शननंतर किंवा गुठळी काढल्यानंतर हे प्रमाण चढं राहिलं, तर तीन महिन्यांनी अपंगत्व जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

पण हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. त्याची सर्वमान्य सीमारेषा ठरलेली नाही. बिडी, मधुमेह, हिरड्यांचा आजार यांनीही सीआरपी वाढतो. आणि 'सूज आहे ना, मग स्टिरॉइड द्या' असा आग्रह धरू नका. लकव्यात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

काकांच्या बाबतीत सीआरपी वाढण्याचं कारण न्यूमोनिया निघालं. पाहुण्यांनी प्रेमाने चहा पाजला होता, तो श्वासनलिकेत गेला. लकव्यानंतर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं!

१४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो. त्याच मांडवात रक्तदाब आणि साखर तपासा, वाढलेला रक्तदाब हे लकव्याचं सर्वात मोठं कारण आहे. आणि नगर किंवा संभाजीनगरच्या कोणत्या दवाखान्यात चोवीस तास सीटी स्कॅन आहे, हे इंजेक्शन मिळतं आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते, हे आधीच विचारून ठेवा. ती यादी १०८ नंबरासह विहाराच्या भिंतीवर लावा. आमच्याकडे ती काकांच्या मुलानेच लिहिली.